खालच्या फांद्या

पोलादपुरात पाण्याची मोटार जळली की माणूस आधी शिव्या देतो आणि मग दीक्षाकडे येतो. महामार्गाच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी तिचं वायंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक लाकडी टेबल, भिंतीवर खुंट्यांना लटकवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि टेबलामागे चाळिशीला टेकलेली, ओढणी कमरेला खोचलेली दीक्षा. मोटार समोर आली की ती आधी वास घेते. मग सांगते, "बाकी ठीक आहे, तार जळली. परवा या." परवा म्हणजे परवा. गिऱ्हाईक उद्याचा हट्ट धरायला लागलं तर मान वर न करता म्हणते, "उद्या देते, पण आठवड्यात परत जळेल अशी बांधून देते. चालेल?" चालेल म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

लग्न तिने केलं नाही. का नाही, हे विचारणाऱ्यालाही तिने असंच काही ऐकवलं असणार, कारण तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला कुणी धजावलेलं ऐकिवात नाही. गावाच्या वरच्या अंगाला बौद्धवाडीत घर. घरात आई सुंदराबाई आणि वडील भिकाजी. दीक्षा त्यांना आबा म्हणते.

अशा बाईला नाद लागला तो बोन्सायचा. मोठ्या जातीचं झाड लहान कुंडीत ठेवायचं, वर्षानुवर्षं छाटायचं, वाकवायचं, आणि हातभर उंचीत त्याला शंभर वर्षांचं दिसायला लावायचं, असा हा उद्योग. सुरुवात महाडला झाली. तिथे जुन्या पेठेत चारुशीलाताई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या गच्चीवरची मोटार बिघडली म्हणून दीक्षा गेली, आणि मोटार राहिली बाजूला, ही गच्चीवरचे वड-उंबर बघत उभी. टीचभर कुंडीत पारंब्या सोडलेला वड! दोन चहा झाले तरी ती निघेना. पुढे दर रविवारी जायला लागली. ताईंनाही बरं वाटलं असावं, कारण त्यांच्या घरच्यांना गच्चीवर फक्त पापड वाळत घालायला आवडतं.

महाबळेश्वरला एका बंगल्यावर पंप दुरुस्त करायला गेली असताना तिला पाईनची न उघडलेली फळं सापडली. खवल्याखवल्यांची, लाकडासारखी टणक. ती उन्हात ठेवली, खवले उघडले, आतून पातळ पंखांचं बी निघालं. ती ओंजळ तिने ताईंना दाखवली.

"दीक्षा, पाईन आपल्याकडे होत नाही," ताई म्हणाल्या. "मी दोनदा आणून मारलेत. महाडचा पाऊस चार महिने कोसळतो, मुळं कुजतात. तू आपला उंबर कर, छान होतो."

आता, काही माणसांना "होत नाही" असं सांगणं म्हणजे आमंत्रणच असतं. दुसऱ्यांनी भंगारात काढलेली मोटार दीक्षा मुद्दाम मागून घेते, हे ताईंना तेव्हा ठाऊक नव्हतं.

बी रुजलं. कोंबाला हिरव्या सुयांचा झुबका आला. वाडीतल्या बायकांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरूचं झाड कशाला लावतंस गो? समुद्र काय वर येनार हाय हितं?" दीक्षा हसली आणि कामाला लागली. पावसावर तोड म्हणून जांभ्या दगडाचा चुरा आणि नदीची बारीक खडी चाळून माती केली, म्हणजे माती नाहीच, नुसते खडे. कुंडीऐवजी भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी घेतली, म्हणजे पाणी चारी बाजूंनी पळेल आणि मुळांना वारा लागेल. सुंदराबाईंच्या स्वयंपाकघरातून एकेक चाळणी नाहीशी व्हायला लागली तेव्हा घरात पहिलं भांडण झालं. मग परसात पारदर्शक पत्र्याचं छप्पर उभं राहिलं आणि त्याखाली फळ्यांच्या मांडणीवर झाडं आली.

रोपं पेन्सिलीएवढी झाली तेव्हा खोडाला वळण द्यायची वेळ आली. बोन्सायवाले त्यासाठी बाजारातून खास मऊ तार आणतात. दीक्षाला बाजारात जायची गरज नव्हती. जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार भट्टीतून काढल्यासारखी मऊ पडलेली असते, बोटाने वळते आणि एकदा गुंडाळली की पुन्हा कडक होते. दुकानात तिचे ढीग पडलेले. पहिल्या रोपाला तिने तार गुंडाळली ती एकसारख्या अंतराने, एकसारख्या तिरकेपणाने, अशी की चारुशीलाताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं.

"हे कुठे शिकलीस?"

"ताई, वीस वर्षं तारच गुंडाळतेय की."

सगळी रोपं टिकली नाहीत. काही पहिल्या पावसात गेली, काही तिने अति लाडाने मारली. महापुराच्या वर्षी महाडमधली अर्धी बाजारपेठ चिखलात गेली आणि दीक्षाच्या दुकानासमोर मोटारींची रांग लागली, तेव्हा महिनाभर तिला झाडांकडे बघायला झालं नाही. तरी सात झाडं जगली, आणि जगली ती दणकट झाली. सुया आखूड, साल खरबरीत, खोडाला नागमोडी वळण. ताईंनी स्वतः येऊन बघितलं. "मी चुकले," असं चार माणसांत म्हणाल्या. दीक्षाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

इथे पाईनचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाईनचं खोड जाड करायचं असेल तर एक शेंडा मोकळा सोडावा लागतो. तो पुरुष-दोन पुरुष उंच वाढतो, भरपूर जेवतो, आणि त्याच्या जेवणावर बुंधा फुगतो. पण बोन्सायला तो उपयोगाचा नसतो. खरं झाड म्हणजे खालच्या बारीकसारीक फांद्या. त्या जपायच्या, त्यांना ऊन मिळेल असं बघायचं, त्यांची टोकं वर्षातून एकदा-दोनदा खुडायची, आणि बुंधा पुरेसा झाला की वरचा तो उंच शेंडा कापून टाकायचा. ताई त्याला त्यागाची फांदी म्हणायच्या. दीक्षा म्हणाली, "ताई, कसला त्याग? आमच्याकडे याला बोकड म्हणतात. वर्षभर खाऊ घालायचा आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कापायचा." तेव्हापासून दोघींच्या बोलण्यात बोकडच.

दुसरा स्वभाव असा की जिथे हिरवी सुई उरलेली नाही तिथून पाईन पुन्हा फुटत नाही. फांदी बुडापासून गेली की त्या जागी आयुष्यभर काही येत नाही.

हे दीक्षाला पाठ होतं. भिकाजींना कुणी सांगितलं नव्हतं.

भिकाजी सत्तरीचे. तरुणपणी काही वर्षं महाडकडच्या एका आंब्याच्या कलमांच्या बागेत होते, नंतर आपली भातशेती. पण त्यांचं वाडीत नाव होतं ते ऐनाच्या झाडावर चढण्यासाठी. पावसाच्या आधी भाताचं रोप करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, डहाळ्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी थंडी संपता संपता ऐनाच्या डहाळ्या तोडून वाळवायच्या, त्या डहाळ्यांना कवळं म्हणतात. भिकाजी कोयता कमरेला अडकवून झाडावर असे चढायचे की पोरं खाली उभी राहून बघायची. खालच्या फांद्या सपासप उतरवायच्या, वरचा शेंडा मात्र राखायचा, हा तिथला नियम. शेंडा राखला की बोडकं झालेलं ऐनाचं झाड पावसात अंगभर फुटतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा कवळं देतं. भिकाजींनी पन्नास वर्षं असं केलं आणि त्यांच्या हाताखाली एकही ऐन मेला नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

पुण्याला दर हिवाळ्यात बोन्सायचं प्रदर्शन भरतं. ताईंनी ठरवलं, येत्या खेपेला दीक्षाची तीन झाडं न्यायची. सातांतली सगळ्यांत पुढची, मांडणीवर पहिल्या रांगेतली तीन. बियांपासून इथल्या पावसात वाढवलेला पाईन आजवर कुणी तिथे ठेवल्याचं ताईंना माहीत नव्हतं. दीक्षाने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. मोटार न्यायला आलेला माणूस पैसे देऊन, प्रदर्शनाची हकिकत ऐकूनच सुटायचा. पावसाळा संपला की तिन्हींचे बोकड कापायचे, फांद्यांना शेवटची तार लावायची आणि डिसेंबरात पुणं गाठायचं, असा बेत होता.

मार्च म्हणजे पंपांचा हंगाम. गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीतल्या खाणावळींच्या मोटारी एकदम बसल्या आणि दीक्षा तिकडे अडकली. गडाची गर्दी, पाण्याची ओरड, एक मोटार चालू केली की दुसरी बंद. संध्याकाळी थकून घरी आली तर भिकाजी दारातच उभे, खुशीत.

"ये गो, बघ. तुजी झाडां कशी मोकळी केली."

परसात पहिल्या रांगेतली तीन झाडं उभी होती. वरचे उंच शेंडे डौलात, आणि खाली बुंध्यापासून वर हातभर काही नाही. गुळगुळीत, स्वच्छ, प्रत्येक फांदी अंगाबरोबर काढलेली. भिकाजींचा हात साफ, कुठे सालही निघालेली नव्हती. तोडलेल्या फांद्या बाजूला नीट भारा करून ठेवल्या होत्या.

"तुला येळ नाय, खाली सगली गचपन झाली हुती," ते सांगत होते. "म्हटलं खालचां उतरवू, शेंडा राखू. आता बघ कशी सरल वर जातील. बाकीची चार उद्या करतो, काळोख पडला म्हणून थांबलो."

दीक्षा खाली बसली. भाऱ्यातली एक फांदी उचलली. तिच्यावर दीक्षाने स्वतः गुंडाळलेल्या तारेचे वळ होते. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि म्हणाली, "आबा, तुमचा हात परत माझ्या झाडांना लावू नका. कधीच."

भिकाजींना कळलं नाही काय झालं, पण मुलीचा चेहरा कळला. ते आत गेले. त्या रात्री सुंदराबाई दोन ताटं वाढून बसल्या आणि दोन्ही ताटं तशीच राहिली.

पुण्याचं राहिलं, ते राहिलंच. ताई आल्या, तीन झाडांभोवती फिरल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू? त्यांनी शेंडा राखला म्हणून झाडं जिवंत तरी आहेत. माझ्यासारखीने खालवर सगळं छाटलं असतं तर आज सरपण झालं असतं." दीक्षाला ते पटलं, पण राग काही पटल्याने जात नाही.

खरी गोष्ट दीक्षाला मे महिन्यात कळली. शेतात राबाचा तुकडा तसाच पडलेला. शेजारचे रामजीकाका आपल्यातले दोन भारे टाकून गेले होते, त्यावर कसंबसं भागवायचं ठरलेलं.

"आबांनी कवळं नाय तोडली?" तिने आईला विचारलं.

"नाय. कोयता वर टाकून दिलाय," सुंदराबाई म्हणाल्या. "वाडीतले तिघं जन येऊन गेले, आमच्या ऐनावर चढा म्हणून. म्हणाले, माझा हात आता बरा नाय. हाताला काय झालंय? काय पन नाय झालेलं. तू बोललीस ते झालंय."

दुकानात दीक्षा दिवसाला पन्नास माणसांना सुनावते आणि संध्याकाळी विसरते. माणसंही विसरतात. आपलं एक वाक्य एखाद्याच्या हातात असं रुतून बसेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. माफी मागावी असं तिला वाटलं, पण जीभ उचलेना. बापलेक दोघं एकाच मातीची, आणि ती माती काही मऊ नव्हे. बोलणं सुरू झालं ते पाणी तापलं का, पाऊस कधी लागेल, एवढंच.

मग तिच्यातली वायंडिंगवाली जागी झाली. जळालेली मोटार कुणी फेकत नाही, परत बांधतात. फांदी गेली तर फांदी बांधता येणार नाही का? ताई म्हणाल्या, "एकच मार्ग आहे, कलम. बुंध्याला खाच पाडायची, कोवळं रोप त्या खाचेत सालीला साल लावून जोडायचं, आणि जोड लागला की रोपाचं मूळ कापायचं. वरचं राहतं ते या झाडाची फांदी होतं. मी वाचलंय, केलं नाही कधी."

रोपं होती. दीक्षाने नंतर पेरलेली एक खेप पेल्यांमध्ये वाढत होती. जानेवारीच्या थंडीत, पाईनचा चीक दाटलेला असतो तेव्हा, तिने तिन्ही झाडांना एकेक कलम बांधलं. पाऊस लागायच्या सुमाराला तिन्ही रोपांच्या सुया तांबूस झाल्या आणि हात लावताच गळल्या. जोड सोडून बघितला. दोन्ही साली एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. पट्टी मात्र अशी आवळलेली की रोपाला कमरपट्टा पडला होता. वायंडिंगमध्ये तार जितकी ताणून तितकी चांगली. तो हात तिला इथे नडला.

"आणखी एकदा करता येईल," ताई म्हणाल्या. "पण आणखी एकदाच. बुंध्यावर खाचांचे व्रण पडत गेले तर झाड प्रदर्शनाचंच काय, बघायचंही राहणार नाही."

घरी आल्यावर तिने आईसमोर ते वाळलेलं रोप टाकलं. सुंदराबाईंनी उचललं, जोडाची जागा बघितली आणि म्हणाल्या, "हे तर भेटकलम. तुझे आबा बागेत हुते तवा ह्येच करायचे. आंब्याच्या फांदीला कुंडीतला रोप टांगायचा नि बांधायचा. हजारो बांधले असतील. त्यांना इचार की."

विचारायचं म्हणजे बोलायचं आलं. दीक्षाला त्या पावसाळाभर ते जमलं नाही. नवरात्रात जमलं नाही, दिवाळी गेली. शेवटी थंडी पडली आणि उशीर करायला जागा उरली नाही. भिकाजी ओटीवर बसून विडी ओढत होते. ती समोर खाली बसली.

"आबा, मी त्या दिवशी बोलले ते वाईट बोलले. सात वर्षं मी परसात काय करतेय ते मी तुम्हाला एकदा पण समजावलं नाय. तुम्ही ऐनासारखं केलंत. ऐनच असता तर बरोबरच होतं."

भिकाजींनी विडी विझवली.

"मला कलम बांधून पाहिजे. भेटकलम. माझ्या हातानं लागत नाय."

"माझ्या हातानं नको," ते म्हणाले. "गेलं तर परत माझ्याच हातानं गेलं. नको."

आतून सुंदराबाई बाहेर आल्या. हात पिठाचे. "तोडताना कुनाला इचारलं नाय," त्या म्हणाल्या, "मग जोडताना कशाला मागं सरता? तोडायला हात हुता, जोडायला नाय?" आणि आत निघून गेल्या. भाकरी करपत होती.

भिकाजी उठले. परसात गेले. तिन्ही झाडांसमोर उकिडवे बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी बुंध्याला बोट लावून विचारलं, "फांदी कुठं हवी?"

दीक्षाने दाखवलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, एक इथे डावीकडे, एक इथे उजवीकडे, एक मागे. ते ऐकत होते, मधेच विचारत होते, मागची कशाला, ती दिसत नाय ती. तिने सांगितलं, मागची नसली तर झाड भिंतीला चिकटवल्यासारखं दिसतं. त्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. कामही वाटून घेतलं गेलं. कधी करायचं ते दीक्षाने ठरवायचं, कारण आंब्याला ते पावसात करत असत आणि पाईनला ते चालणार नव्हतं. कसं करायचं ते भिकाजींनी.

चाकू त्यांनी स्वतः घासून आणला. आधी पेरूच्या फांदीवर करून बघितलं, मग कढीपत्त्यावर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चला. बुंध्यावर खाच एका ओढीत, परत हात फिरवायचा नाही. रोपाची साल तेवढीच, तितक्याच लांबीची, काढायची. चीक सुटायच्या आत सालीला साल लावायची. बांधायला दीक्षाने प्लास्टिकची पट्टी पुढे केली ती त्यांनी घेतली, पण तिचा हात बाजूला केला. "आवलायचा नाय. हात धरतो तसा धरायचा." तीन झाडं, प्रत्येकाला तीन रोपं. छोटे पेले बुंध्याला टांगून बांधलेले. टायरवाला बघायला आला आणि म्हणाला, "दीक्षाबाय, झाडाला कॅपॅसिटर लावलेस की काय?"

त्या दिवसापासून भिकाजींची सकाळची विडी परसात. पेल्यातली माती कोरडी पडली तर आधी त्यांना कळायचं. पावसाळ्यात कशेडी घाटाचा रस्ता दरडीने बंद पडला, गाड्यांच्या रांगा दुकानापर्यंत आल्या, वाडीत सगळी त्या गडबडीत. भिकाजी मात्र छपराखाली उभे राहून कुठे गळतंय का ते बघत. त्या पावसात एक झाड गेलं. सुया पिवळ्या पडल्या, मुळाशी कुज लागलेली. दीक्षाला वाटलं, आबा आता पुन्हा मागे सरणार. ते म्हणाले, "ह्ये पावसानं नेलं. आपन नाय." दीक्षाने मान वळवून डोळे पुसले. ते 'आपन' तिला पुरेसं होतं.

दुसरा पावसाळा गेला. जोडाच्या जागी साल फुगून एक झालेली दिसायला लागली. रोपाचं मूळ एकदम तोडायचं नाही, हे भिकाजींचं बागेतलं शास्त्र. आधी अर्धा काप, मग थांबायचं, पाहुणा रोप आता या झाडाच्या जिवावर जगतंय का ते बघायचं, मग उरलेला. एका झाडावर तीनपैकी एकच फांदी लागली. दुसऱ्यावर तिन्ही. शेवटचा काप दिला, पेला खाली उतरवला, आणि आठवडा झाला, पंधरवडा झाला, तिन्ही फांद्या हिरव्यागार. मार्चमध्ये त्यांच्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे नवे कोंब उभे राहिले. चारुशीलाताईंनी ते बघून भिकाजींना वाकून नमस्कार केला आणि भिकाजी इतके गडबडले की त्यांनीही ताईंना केला.

फांद्यांना अंग यायला आणखी एक पावसाळा लागला. त्यानंतरच्या थंडीत, तिन्ही फांद्या लागलेल्या त्या झाडाचा बोकड कापायचा दिवस आला. एवढे दिवस त्याच्या जोरावर झाड जगलं होतं, फांद्यांना पोसलं होतं. आता त्याचं काम संपलं. दीक्षाने करवत आबांच्या हातात दिली.

ते वर बघत राहिले. पुरुषभर उंच, सरळ, देखणा शेंडा. आयुष्यभर त्यांनी हाच राखला होता.

"ह्योच ना? नक्की?"

"हाच."

"मग वर काय राहील?"

"खालचं राहील. तुम्ही जोडलेलं."

त्यांनी करवत लावली. शेंडा हळूच तिरपा झाला तेव्हा दुसऱ्या हाताने धरला, खाली पडू दिला नाही, आणि बाजूला आडवा ठेवला. मागे राहिलं ते गुडघ्याएवढं झाड, वाकडं, जाड बुंध्याचं, तीन फांद्यांचं. आता कुठे ते झाडासारखं दिसायला लागलं. भिकाजी चार पावलं मागे गेले आणि बघत राहिले, पुढून, मागून, मग खाली बसून.

दीक्षाच्या मनात मागच्या रांगेतली चार झाडं होती, त्या संध्याकाळी काळोखाने वाचवलेली. त्यांच्या खालच्या फांद्या शाबूत होत्या, बुंधे बऱ्यापैकी झाले होते. आजच चारही झाडांचे बोकड उतरवायचे आणि येत्या डिसेंबरात पुण्याला न्यायचे असं तिने ताईंना कळवूनही टाकलं होतं. ती म्हणाली, "आबा, ही चार पण घेऊ आता."

भिकाजी पहिल्या झाडापाशी गेले. बुंध्याला चिमटीत धरलं. खालची फांदी बोटाने वर उचलली, तिच्या मुळाशी बघितलं, सोडली. दुसऱ्याचं तसंच. चारही झाली. दीक्षा करवतीसाठी हात पुढे करून उभी होती.

"यंदा नाय," ते म्हणाले.

"का?"

"खालच्या अजून बारीक हायत. वरचा काढलास तर त्यांना पोसनार कोन? दोन वरसं जाऊ दे. घाई करायची नाय गो."

दीक्षाने तोंड उघडलं. पोलादपुरात तिला थांब म्हणणारा माणूस सहसा टिकत नाही. मग तीही खाली वाकली, फांदीच्या मुळाशी बघितलं. बारीक होत्या.

"दोन वर्षं तर दोन वर्षं," ती म्हणाली, आणि ताईंना फोन लावायला आत गेली.